अरंडेलला जाण्यापूर्वी

प्रवासाचा बेत आखणे हेही एक शिक्षणच होय. कोणते गाव निवडावे, कोणत्या दिवशी पोहोचावे, काय पाहावे नि काय सोडावे, या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधताना माणसाला आपल्याच मनाचा ठाव घ्यावा लागतो. आम्ही उभयता इंग्लंडला थोरल्या मुलाकडे जाण्याचे योजीत आहोत. दोन हंगामांचे काजूचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले आहेत. मुलाला चार दिवसांची रजा मिळेल. ते दिवस कोठे घालवावेत यावर घरात पुष्कळ खल झाला. त्याने लंडनमधील मोठमोठ्या ठिकाणांची नावे सुचविली. आम्ही मात्र अरंडेल नावाच्या एका जुन्या बाजारगावाची निवड केली.

अरंडेल हे इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात अरन नदीच्या काठी वसले आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढी. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून आगगाडीने सुमारे दीड तासात तेथे पोहोचता येते. समुद्र दोन कोसांवर असल्याने भरतीचे पाणी गावाच्या पुलाखालून वर चढते; पूर्वी याच वाटेने गलबते येत आणि बाजार भरे. पुलापासून मुख्य रस्ता चढत जातो आणि टेकडीच्या माथ्यावर दोन मोठ्या वास्तू दिसतात. एक १०६७ मध्ये उभारण्यास आरंभ झालेला किल्ला व दुसरे कॅथेड्रल. हा किल्ला नॉरफोकच्या ड्यूक घराण्याकडे चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. पंथ बदलण्याचे दडपण पिढ्यान्‌पिढ्या सोसूनही या घराण्यातील बहुतेकांनी कॅथोलिक श्रद्धा सोडली नाही.

या श्रद्धेची किंमत काय होती हे संत फिलिप हॉवर्ड यांच्या चरित्रावरून कळते. ते अरंडेलचे अर्ल. तारुण्यात राणी एलिझाबेथच्या दरबारी रमले. पत्नीचा विसर पडला, धर्माचाही पडला. १५८१ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवान असलेले येशूसंघीय धर्मगुरू एडमंड कॅम्पियन यांचा प्रोटेस्टंट पंडितांशी झालेला वाद त्यांनी ऐकला आणि मन पालटू लागले. १५८४ मध्ये त्यांनी कॅथोलिक श्रद्धेचा पुन्हा स्वीकार केला. दुसऱ्याच वर्षी देश सोडून जाताना ते समुद्रात पकडले गेले आणि पुढील दहा वर्षे टॉवरमध्ये बंदिस्त राहिले. त्यांचा मुलगा त्यांच्या बंदिवासातच जन्मला. अखेरच्या आजारात त्यांनी पत्नी व मुलाला पाहण्याची परवानगी मागितली. एकदा राणीच्या पंथाच्या उपासनेला हजर राहा, म्हणजे भेटही होईल आणि सुटकाही, असे उत्तर आल्याचे चरित्रकार सांगतात. त्यांनी ते नाकारले. १९ ऑक्टोबर १५९५ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, मुलाचे तोंड न पाहताच त्यांनी देह ठेवला. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड व वेल्सच्या चाळीस रक्तसाक्ष्यांसह त्यांना संतपद दिले. १९७१ पासून त्यांच्या अस्थी अरंडेलच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.

आता बेताविषयी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी घेत नाहीत. मुलाचे निमंत्रणपत्र व बँकेचे कागद मात्र आतापासूनच जमवावे लागतात. राहण्यासाठी गावातच एखादी घरगुती खानावळवजा खोली पाहावी असे ठरले. किल्ला हिवाळ्यात आणि सहसा सोमवारीही पाहुण्यांसाठी बंद असतो, तेव्हा मंगळवारी पोहोचावे हे बरे. उन्हाळ्यात तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जेवणानंतरही नदीकाठी फिरता येईल.

दिवसाची निवड आम्ही ख्रिस्तशरीराच्या सणावरून करणार आहोत. १८७७ पासून अरंडेलला या सणासाठी देवळाच्या मधल्या वाटेवर ताज्या फुलांचा गालिचा घालतात. पंधराव्या ड्यूकने ही प्रथा इटलीत पाहिली व आपल्या गावी आणली. १८७३ मध्ये पुरे झालेले ते देऊळही त्यानेच बांधले होते. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक तेथून किल्ल्याकडे जाते. आपल्याकडेही या मिरवणुकीपुढे मुले पाकळ्या उधळतात. मात्र मृगाचा पाऊस लागला की ती देवळातच उरकावी लागते. हा सण पास्काच्या तारखेप्रमाणे २१ मे ते २४ जूनच्या दरम्यान सरकत असतो, म्हणून आधी देवळाकडे चौकशी करून मगच तिकिटे काढावयाची.

आणखी एक स्थळ आम्ही यादीत ठेवले आहे. गावचे संत निकोलसचे जुने देऊळ चौदाव्या शतकातले. त्याचा लोकांच्या बैठकीचा भाग अँग्लिकन पंथाचा, तर वेदीकडील भाग, ज्याला फिट्झालन चॅपल म्हणतात, तो कॅथोलिकांचा. एकाच छपराखाली दोन पंथ, मध्ये लोखंडी जाळी. एकोणिसाव्या शतकात या भागाच्या मालकीवरून खटला झाला आणि १८७९ मध्ये निकाल ड्यूकच्या बाजूने लागला. कॅथोलिक भागात किल्ल्याच्या आवारातून जावे लागते, दुसऱ्या भागात रस्त्यावरून. आम्ही दोन्ही बाजूंनी जाऊन ती जाळी पाहू. ज्यांचे पूर्वज एकमेकांना तुरुंगात धाडीत, ते आज जाळीच्या दोन्ही बाजूंना शांतपणे प्रार्थना करतात, हेही पाहण्यासारखेच आहे.

इतके सारे लिहिले, पण या बेताचे खरे कारण सांगावयाचे राहिले. मागे एकदा मुलगा फोनवर सहज म्हणाला की कामाच्या पाळ्यांमुळे रविवार आता इतर वारांसारखाच झाला आहे. त्याच्या आईने काही उत्तर दिले नाही. आम्हीही त्याला दूरवरून उपदेश करणार नाही. तो कष्टाने दिवस काढतो, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या पित्याला आपल्या मुलाला एकदाही पाहता आले नाही, त्याच्या समाधीपाशी आपल्या मुलासह उभे राहावे, एवढीच आमची इच्छा आहे. तेथे काय बोलावयाचे ते ठरविलेले नाही. संत फिलिप यांनाही परतीची वाट एका दिवसात सापडली नव्हती. कॅम्पियन यांचा वाद ऐकल्यावर मध्ये तीन वर्षे गेली. मुलाला आम्ही एवढेच कळविले आहे की रजा सणाला धरून माग, आणि मिस्सेला आमच्याबरोबर चल. त्याने होकार दिला आहे.