पुढची तारीख कोठून मोजावी? : इमारतींची आवर्ती देखभाल आणि सॉफ्टवेअर

इमारतीच्या देखभालीत दोन प्रकारची कामे येतात. नळ तुटला, दिवा गेला, लिफ्ट अडकली की जी करावी लागते ती दुरुस्ती. आणि काहीही बिघडलेले नसताना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा जी करावी लागते ती आवर्ती देखभाल, जिला या व्यवसायात ‘प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स’ किंवा नुसते ‘पीएम’ म्हणतात. दुरुस्तीची आठवण बिघाड स्वतःच करून देतो. आवर्ती कामाची आठवण मात्र कोणीतरी ठेवावी लागते, आणि ती एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोपवू नये या गरजेतून सुविधा-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे तयार झाली. अमेरिकेत १९८५ साली बाजारात आलेल्या ‘मॅक्सिमो’पासून मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्तस्रोत प्रणालीपर्यंत सर्वांचा गाभा एकच आहे : यंत्राची किंवा जागेची नोंद करायची, तिला काम आणि त्याचे आवर्तन जोडायचे, म्हणजे मुदत जवळ आली की प्रणाली त्या कामाची आठवण करून देते. पुष्कळ प्रणालींत ही आठवण ‘वर्क ऑर्डर’च्या रूपाने येते, म्हणजे कोणते काम, कोठे, कोणी आणि केव्हापर्यंत करायचे हे सांगणारी चिठ्ठी आपोआप निघते.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातील चिकोडी-निपाणी परिसराला ही कल्पना मुळीच परकी नाही. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कौलारू घरांची आणि वखारींची शाकारणी करणे, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा नीट बसवणे, हे तेथील आवर्ती देखभालीचे जुने वेळापत्रक होय. साखर कारखानदारीने त्याला यंत्रयुगातले रूप दिले. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा किंवा निपाणीचा हालसिद्धनाथ यांसारख्या सहकारी कारखान्यांत गळीत हंगाम संपला की गाळप नसलेल्या महिन्यांत यंत्रसामग्री उघडून तिचे ओव्हरहॉलिंग होते, बॉयलरची सरकारी तपासणी होते आणि मगच नव्या हंगामाचे अग्निप्रदीपन होते. बॉयलरचे प्रमाणपत्र १९२३ च्या कायद्यापासून साधारणतः बारा महिन्यांपुरतेच दिले जात आले आहे, त्यामुळे हे आवर्तन चुकवण्याची मुभाच नसते. या दोन्ही वेळापत्रकांत एक शहाणपण आहे, आणि सॉफ्टवेअर भरताना नेमके तेच बहुधा हरवते : काम किती दिवसांनी करायचे यापेक्षा ते कशाच्या आधी करायचे, हे त्यांत पक्के असते.

आवर्ती काम प्रणालीत नोंदवताना सर्वांत महत्त्वाचा निर्णय पुढची तारीख कोठून मोजायची हा असतो. स्थिर आवर्तनात ती दिनदर्शिकेवरून ठरते आणि मागचे काम उशिरा झाले तरी हलत नाही. सरकत्या आवर्तनात ती मागचे काम ज्या दिवशी पुरे झाले त्या दिवसापासून मोजली जाते. पाण्याची टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची असे ठरले, १ जूनची टाकी प्रत्यक्षात २५ जूनला धुतली गेली, तर स्थिर पद्धतीत पुढची तारीख १ सप्टेंबर येते आणि सरकत्या पद्धतीत २५ सप्टेंबर. प्रत्येक वेळी इतकाच उशीर होत राहिला, तर सरकत्या पद्धतीत वर्षाला चारऐवजी जेमतेम तीन धुलाया होतात आणि तरीही प्रत्येक धुलाईनंतर पडद्यावर पुढची तारीख भविष्यातलीच दिसते. याउलट, एअर कंडिशनरची जाळी २५ तारखेला साफ केली असताना पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा साफ करण्याची चिठ्ठी निघणे हा श्रमाचा अपव्यय आहे, तेथे सरकते आवर्तनच योग्य ठरते. कायद्याने बांधलेली कामे स्थिर असावीत आणि झीज व मळ यांच्याशी निगडित कामे सरकती, असा ढोबळ नियम सांगता येईल.

परंतु गच्चीची पन्हळ या नियमात बसत नाही. कडुनिंबाची आणि चिंचेची पानगळ संपल्यानंतर, पण वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडण्यापूर्वी गच्चीवरची पाण्याची तोंडे मोकळी व्हायला हवीत. त्याआधी साफ केली तर वाळलेली पाने पुन्हा जाळीवर साचतात, आणि नंतर केली तर स्लॅबवर तुंबलेले पाणी भेगांतून आधीच खाली उतरलेले असते. हेच काम ‘वार्षिक, सरकते’ म्हणून नोंदवले आणि पहिल्या वर्षी २० एप्रिलला केले, तर दरवर्षी तीन आठवड्यांच्या दिरंगाईने ते दुसऱ्या वर्षी ११ मेच्या सुमारास, तिसऱ्या वर्षी जूनच्या आरंभी आणि चौथ्या वर्षी जूनअखेरच्या भर पावसात जाते, आणि तरीही अहवालात ते ‘पूर्ण’ म्हणूनच दिसते. अशा कामांना ऋतूची चौकट, म्हणजे अमुक तारखेपूर्वी नाही आणि तमुक तारखेनंतर नाही अशी दुहेरी मर्यादा द्यावी लागते. परतीच्या पावसापूर्वी सप्टेंबरात दुसरी सफाईही त्याच पद्धतीने बांधून ठेवावी.

एकाच यंत्राची मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक कामे एकाच दिवशी आली की दुसरा घोटाळा होतो. जनरेटरसाठी तीन चिठ्ठ्या निघतात, माणूस एकदाच जाऊन काम करतो आणि तिन्हींवर खूण करतो. त्यामुळे मोठ्या कामात लहान काम सामावून घेण्याची सोय प्रणालीत सुरुवातीलाच लावून घेणे आवश्यक ठरते.

वापराच्या तासांवर मोजणी करणारी तिसरी पद्धत यंत्रांसाठी सोयीची असली, तरी तिच्या मर्यादा समजण्यासाठी बेळगावचे सुवर्ण विधानसौध हे उदाहरण पुरेसे आहे. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी उद्घाटन झालेल्या या भव्य वास्तूत कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन मोजकेच दिवस भरते. देखभालीच्या शास्त्रात तिचा प्रश्न मोलाचा आहे. वर्षातील बहुतेक दिवस शांत असणाऱ्या अशा कोणत्याही इमारतीत केवळ तासांवर मोजणी ठेवली तर काम कधी येतच नाही, आणि न वापरण्यानेही यंत्रे बिघडतात : बॅटरी उतरते, रबरी सील कडक होतात, फरशीवरच्या जाळीखालच्या सापळ्यातले पाणी आटून गटाराचा वास आत येतो. म्हणून ‘इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असाच नियम तेथे लागू पडतो.

काम झाले की नाही यापेक्षा काय आढळले हे लिहून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. अर्थिंगचा खड्डा हे त्याचे उत्तम उदाहरण. जमीन कोरडी असते तेव्हा तिचा विद्युतरोध सर्वाधिक असतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यात घ्यावी लागते. मोजण्यापूर्वी कोणी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले की आकडा सुधारतो आणि धोका झाकला जातो. चिठ्ठीत नुसता ‘ठीक’ असा चौकोन ठेवला तर दरवर्षी ठीकच येते. ओहममधला आकडा सक्तीने भरून घेतला, तर समजा १.८, मग २.९, मग ४.६ असा चढ दिसतो आणि अर्थिंगची पट्टी गंजत असावी हे अपघातापूर्वी कळते.

काही कामे कोणत्याही आवर्तनाची वाट पाहत नाहीत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. दूधगंगा आणि कृष्णेच्या काठची अनेक गावेही त्या पुरांत सापडली. तेथील शाळा, दवाखाने आणि सोसायट्यांच्या इमारतींत काळम्मावाडी किंवा कोयना धरणाच्या विसर्गाची बातमी हीच चिठ्ठी निघण्याची खूण मानली पाहिजे : पंप चालवून पाहणे, तळमजल्यावरचे दप्तर वर हलवणे, वीजपुरवठा बंद करण्याची जबाबदारी नावानिशी ठरवणे.

या भागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. प्रणाली इंग्रजीत, कार्यालय कन्नडमध्ये आणि गच्चीवर जाणारा वायरमन मराठीत विचार करणारा, अशी स्थिती सर्रास असते, त्यामुळे कामांची यादी ती कामे करणाऱ्याच्या भाषेत आणि शक्य तेथे छायाचित्रासह लिहिणे हा उपचार नसून सुरक्षिततेचा भाग आहे. सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या सीमाभागातील प्रत्येक संस्थेने किंमत विचारण्यापूर्वी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत : काम उशिरा झाले तर पुढची तारीख कोठून मोजली जाईल, आणि गच्चीची सफाई वळवाच्या आधीच येईल अशी ती कायमची बांधता येईल का?