टेकलेले मासे

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून मासे अडवणाऱ्या जाळ्यांच्या रात्रीच्या चाचण्यांची नोंद मी माझ्या विद्यार्थिनीकडे सोपवली आहे, आणि सोपवताना जी तक्रार तोंडावर आणली नाही ती येथे करतो: काचेला नाक लावून मी जे पाहत असे आणि अवरक्त कॅमेऱ्याच्या चित्रावरून ती जे मोजते, ते एकच काम आहे असे माझे मन अद्याप कबूल करीत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो नदीच्या खोऱ्यात कालव्यांच्या मुखाशी ज्या जाळ्या बसतात त्यांचे निकष मूळचे सामन माशाच्या पिल्लांसाठी झाले: फट 1.75 मिलिमीटर, जाळीकडे ओढणारा वेग सेकंदाला 0.33 फूट, आणि पिल्लाने 60 सेकंदांच्या आत जाळीसमोरून निघून बगलेच्या वाटेला लागावे. 2006 साली या नदीतला हिरवा स्टर्जन मासा संकटग्रस्त म्हणून सरकारी दफ्तरी दाखल झाला, तेव्हा हेच माप त्यालाही लागू झाले. परंतु स्टर्जनचे पिल्लू तळाने येते, जाळीला शेपूट घासते आणि पुष्कळदा, पारावर पाठ टेकून बसलेल्या म्हाताऱ्याप्रमाणे, तिलाच खुशाल टेकून राहते. हे पिल्लू विसावले आहे की ओढीने दाबून धरले आहे, हा प्रश्न माझ्या मानेवर वर्षानुवर्षे बसला आहे. कल्ले दोन्ही अवस्थांत हलतात. वेग उतरवला की ते उठून जाते. पण सुटले म्हणून गेले की कंटाळले म्हणून, ते कळत नाही. दांडीने डिवचावे, तर ते जाळीला नव्हे, दांडीला उत्तर देते. सामनच्या अंगावरचे खवले झडले म्हणजे इजेचा पुरावा तरी हाती लागतो. स्टर्जनच्या अंगावर तसे खवलेच नसतात, अस्थिपट्टांच्या पाच रांगा असतात, आणि त्या कोणतीच साक्ष देत नाहीत. त्यातून आमची पिल्ले पैदास केंद्रातली. नदीच्या भीतीचा त्यांना गंधही नाही.

खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात मी पाण्याचा वेग मोजायला शिकलो, आणि त्या विद्येचा गर्व अजून उतरलेला नाही. जाळीमागच्या आडपट्ट्या केसाकेसाने सरकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढ समान केली, की पाहुण्यांना मी मासे नंतर दाखवीत असे, वेगाचा आलेख आधी. एवढ्या रेखीव आलेखासमोर माशाने तक्रार करावी हे मला उद्धटपणाचे वाटे.

लखलखते दिवे, ध्वनी आणि बुडबुडे यांनी मासे हाकलू पाहणारी मंडळी माझ्या मते जाळीचा खर्च चुकवणाऱ्यांची वकिली करतात. सॅक्रॅमेंटो आणि सान वाकीनच्या खोऱ्यांत, डेल्टा धरून, विनाजाळीचे उपसे तीन हजारांवर आहेत, तेव्हा त्यांना अशिले मिळणारच. उपशाच्या पाइपाचे तोंड वर वळवले तर तळाने चालणारा स्टर्जन कमी ओढला जातो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या चाचण्यांत दिसले. त्या उपायाला विजेचे बिल येत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा उभ्या गजांपेक्षा सरस ठरल्या, त्या मीही मानतो. पण त्या वळवतात, अडवीत नाहीत, आणि अगदी लहान पिल्लू फटीतून निघून जाते. सॅक्रॅमेंटोवरच्या रेड ब्लफला 2012 साली सुमारे 1,100 फूट लांबीची जाळी उभी राहिली आणि त्याच सुमारास तिथल्या धरणाची दारे कायमची उचलली गेली, त्यात स्टर्जनचा मोठा लाभ दारे उचलण्याचा होता. जाळीवाल्याने हे लिहू नये, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

परवा विद्यार्थिनीने तक्त्यात एक नवा रकाना आखला. ती स्पर्श मोजते, आणि प्रत्येक स्पर्शाचा अवधीही; विसावा की सापळा, याचा निवाडा तिथल्या तिथे करीत नाही. “सर, निकाल मागाहून देता येईल,” असे ती म्हणाली. मी निकाल जागीच देत असे, आणि त्यासाठीच लोक मला बोलावीत.

सामनचे 60 सेकंद स्टर्जनला लावू नयेत, एवढे मी ठामपणे सांगतो. किती लावावेत ते त्या मुलीने ठरवावे, आणि ठरवताना माझ्या जुन्या वह्या उघडू नयेत.