सदर बाजारातून रंगभवनाकडे

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार. कोतवाली चौकातून आत शिरले की दागिन्यांची दुकाने सुरू होतात आणि लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. १८५४ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. त्या नात्याने इथे मराठी कुटुंबे रुजली. चौबे कॉलनीत त्यांचे महाराष्ट्र मंडळही आहे. अशा ठिकाणी नाट्यसंगीताची, भावगीतांची आवड सहज समजते. पण याच बाजारातल्या एखाद्या तरुणाच्या खोलीतून ‘हेवी मेटल’चा गडगडाट ऐकू आला, तर घरची वडील माणसे कपाळाला हात लावतात.

खरे तर सराफ्याला हे संगीत अगदीच परके वाटू नये. ते ज्या शहरात घडले, ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम धातुकामाचेच शहर. तिथे दागिने घडवणाऱ्या कारागिरांची एक जुनी वस्ती आहे. याच शहरात टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये त्याने तारा आणखी सैल केल्या. आवाज खोल आणि जड झाला. ‘ब्लॅक सबाथ’ या त्याच्या वाद्यवृंदाचे १९७०चे ‘पॅरनॉइड’ आजही रसिकांच्या यादीत वरच्या जागी असते. ज्याला गोंगाट म्हणून नाके मुरडली जातात, त्यामागे एका कामगाराची अशी जिद्द आहे.

कॅसेटच्या जमान्यात लहान शहरातल्या रसिकाला अशा तबकड्या गावात मिळणे कठीण. मित्राकडून उतरवून घेतलेली कॅसेट, नाहीतर मुंबईची वारी! ती वारी आजही करता येते. हावड्याहून मुंबईला जाणारी गीतांजली एक्सप्रेस रायपूरला थांबते. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७ मध्ये, ही वर्गविरहित गाडी सुरू झाली. सुमारे १,१०० किलोमीटरचा प्रवास करून ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते.

स्थानकातून बाहेर पडून फोर्टमधून दक्षिणेकडे चालत गेले की काळा घोडा लागतो. इथल्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये ऐकण्यासाठी काचेच्या खोल्या होत्या. हवी ती तबकडी मागावी, आत उभे राहून ऐकावी आणि मग खिशाचा अंदाज घ्यावा. आधी ऐकायला मिळे, म्हणून अनोळखी नावालाही संधी मिळे. २०१६ मध्ये हे दुकान बंद झाले.

‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. त्यांतले ‘फोर स्टिक्स’ हे १९७१च्या त्यांच्या गाजलेल्या चौथ्या अल्बममधले. मुंबईतले हे ध्वनिमुद्रण रसिकांच्या हाती अधिकृतपणे पडायला मात्र २०१५ साल उजाडले.

स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला, धोबी तलावाकडे, सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळ रंगभवन हे खुले नाट्यगृह आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव इथेच नावारूपाला आला. गावोगावची पोरे खांद्याला खांदा लावून इथे गात. पण शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा संस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद केली आणि पुढे इथल्या मैफली थांबल्या. रुग्णांच्या शांततेचा हक्क कोण नाकारील? परंतु तरुणांच्या हातची एक हक्काची जागा गेली, हेही खरे.

मोठे कार्यक्रम मग मोकळ्या मैदानांवर गेले. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला. त्यांचे १९८२चे ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ पाठ असलेल्या चाहत्यांची मोठी गर्दी लोटली होती.

मुंबईहून हाती दोन दिवस असतील, तर वाई ओलांडून पसरणी घाटाने पाचगणी गाठावी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा हा पारशी मुलगा वसतिगृहात राहून शिकला आणि १९५८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगाला ठाऊक झाला. त्याच्या ‘क्वीन’चे १९७५चे ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ ऐकताना पाचगणीचे धुके आठवावे! शाळा आजही सुरू असल्याने ती बाहेरूनच पाहिलेली बरी.

परतून सदर बाजारात आल्यावर कळते, की आता तबकडीसाठी एवढी पायपीट करायची गरज उरलेली नाही. सारे अल्बम मोबाइलवर आहेत. पण कानांत यंत्र घालून जो तो एकटाच ऐकतो. काचेच्या खोलीबाहेर ताटकळणारा मित्र नाही आणि रंगभवनातला शेजारीही नाही. ती उणीव घरातच भरून काढता येईल. जुन्या तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची असते. पेढी बंद करून आल्यावर वडिलांनी एखाद्या रात्री मुलाला म्हणावे, ‘‘लाव रे तुझे ते, एक बाजू पुरती ऐकू या.’’ आवडलेच पाहिजे असे नाही. पण मुलगा त्यात काय ऐकतो, हे तरी कळेल.