तालमीची माती आणि माणसाचे वय

वस्तीने वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून उभारलेली, मध्यभागी मऊ मातीचा हौदा असलेली कुस्तीची जागा म्हणजे तालीम. तिथे शिकण्याचा मोबदला नाममात्र असतो, शिकवणारा वस्ताद बहुधा पोटासाठी दुसरे काही काम करत असतो, आणि तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून गिरणगाव म्हणून वाढत गेलेल्या सोलापुरात थोरला मंगळवेढा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे आज गणेशोत्सवाच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकींमुळे अधिक ओळखीची झाली आहेत, आणि पत्रा तालीम हे तर वस्तीचेच नाव होऊन बसले आहे. पगारी यंत्रणेवाचून अशी संस्था टिकते कशी, याचा उलगडा तिच्या मातीपासूनच करावा लागतो.

सोलापूरच्या परिसरातील काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळून टणक होते, म्हणून हौद्यासाठी तांबडी माती मिळवून, चाळून, तिच्यात ऐपतीप्रमाणे काव, तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मिसळतात. तेल-ताकाने ती मऊ राहते आणि हळद-कापराने खरचटलेले अंग चिघळत नाही, अशी तालमीतली धारणा आहे. एवढे करूनही पायांखाली ती रोज दबत जाते, त्यामुळे लढतीआधी फावड्याने हौदा उकरून, ढेकळे फोडून, माती सारखी करावी लागते. हे काम गड्यावर न सोपवता मेहनतीचाच, म्हणजे पैलवानाच्या दैनंदिन व्यायामाचाच, भाग मानले जाते, कारण उकरताना खांदे, कंबर आणि मनगट यांना मिळणारा ताण जोर-बैठकांना पूरकच ठरतो. जागेची देखभाल आणि खेळाचा सराव यांच्यात फारकत नसणे, हेच तालमीच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण म्हणता येईल.

ही फारकत नसल्यामुळेच तालीम माणसाच्या वयाबरोबर आपली मागणी बदलत जाते. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या वाट्याला आधी झाडलोट, पाणी शिंपणे आणि मारुतीच्या तसबिरीपुढे दिवा लावणे येते, डाव नंतर येतात. वयात आल्यावर तोच मुलगा खडाखडी, म्हणजे पकड घेण्याआधीची चाचपणी, शिकतो आणि उत्सवाच्या दिवसांत लेझीम, म्हणजे साखळी व झांजा लावलेला लाकडी दांडा, हाती घेऊन ताल धरतो. पुढे गिरणीची पाळी, यंत्रमाग किंवा संसार त्याचा वेळ खाऊ लागले की तो स्वतः कमी लढतो आणि धाकट्यांना जास्त लढवतो, तर उतारवयात कट्ट्यावर बसून चुकलेला पाय दाखवून देणे एवढेच त्याच्याकडे उरते. परंतु तेवढ्यानेही नव्या पोराचा गुडघा वाचतो, म्हणून ते काम गौण समजले जात नाही.

शाळेतील व्यायामशिक्षणाची घडण याहून निराळी झाली. 1938 साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाल्यानंतर मुंबई प्रांतातील शाळांना प्रशिक्षित, पगारी शिक्षक मिळू लागले आणि व्यायामाला वेळापत्रकात तास मिळाला, ही मोठीच सोय होती. मात्र तासाची घंटा झाल्यावर मैदान कोणाचे, या प्रश्नाला शाळेपाशी तालमीइतके स्पष्ट उत्तर नव्हते. दोन्ही परंपरांचा मेळ बसल्यास काय घडते, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणात दिसते: मातीत घडलेल्या या मल्लाने 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यामागे लोकवर्गणी तर होतीच, शिवाय कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून दिलेले 7000 रुपयेही होते.

स्वयंसेवेचे हे सूत्र उष्ण प्रदेशापुरते मर्यादित नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ईस्ट कॉरिंथ या खेड्यात 1936 पासून नॉर्थईस्ट स्लोप्स ही छोटी टेकडी स्की, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ, यासाठी वापरली जाते आणि स्वयंसेवकच ती चालवतात. फिरत्या दोराला धरून वर जाण्याची जुनी सोयही तिथे टिकून आहे. बर्फ असो वा माती, खेळायला येणाऱ्यांपैकी काहीजण राखणीलाही येत राहिले, तरच अशी जागा जगते.

तालमीची बाजू मांडताना तिची उणीवही नोंदवावी लागते, कारण वस्तीची म्हणवणाऱ्या या जागेने मुलींना दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच ठेवले, म्हणजे निम्म्या वस्तीकडून श्रम घेण्याची आणि तिला बळ देण्याची संधी स्वतःच गमावली. दुसरीकडे आधुनिक जिमने तो उंबरा बराच सैल केला, पण शुल्क भरणाऱ्याला देखभालीच्या जबाबदारीतून मोकळेही केले, त्यामुळे तिथला माणूस ग्राहक म्हणून येतो आणि वय झाले की ग्राहक म्हणूनच निघून जातो. तालमीचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांनी म्हणूनच केवळ छप्पर आणि मॅट यांसाठी निधी मागून थांबू नये; फावडे प्रत्येकाच्या, आणि आता प्रत्येकीच्याही, हाती द्यावे.