मोगलीचें गाणें

“शब्द कळत नाहींत, तरी ऐकतेस कशी?” जपानी चित्रमालिकेचें शीर्षकगीत ऐकणाऱ्या मुलीला मीं विचारलें.

“बाबा, तुमचा मोगलीहि जपानीच!”

मी चपापलों. किपलिंग शिकविणाऱ्या मला हें ठाऊक नसावें! १९९३ सालीं कोल्हापुरांत रविवारीं दूरदर्शनवर गुलजारांचें तें हिंदी गीत लागलें, कीं कॉलेजांत असूनहि धाकट्या भावंडांना सारून मी पुढें बसत असें. शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजांत बोले. मग परकेपणाची शंका यावी कशी?

जपानमध्यें १९८९ सालीं सुरू झालेल्या त्या मालिकेचें मूळ शीर्षकगीत निराळें होतें. तें मुलीनें लाविलें. मोगली तोच, पण मला शेजारच्या घरचा वाटला. विशाल भारद्वाज यांची चाल मी नकळत गुणगुणूं लागलों. ती हसली.

“आतां तुझें लाव,” मीं म्हटलें.