उकिरड्याचा वास

आमचा उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला होता. आजोबांना तो गोठ्याजवळ सोयीचा वाटला, एवढंच कारण. शेण, मूत, गव्हाणीतलं उष्टं कुटार, राख, सगळं त्याच खड्ड्यात. पावसाळ्यात खड्डा तुंबला की काळं पाणी उताराला लागायचं. उन्हाळ्यात गाड्या भरून आम्ही ते शेतात न्यायचो आणि त्याला शेणखत म्हणायचो. खरं तर ते अर्धकच्चं शेण. त्याच्याबरोबर तणाचं बी जायचं, हुमणी जायची, आणि पुढे आम्ही निंदणाला बाया शोधत फिरायचो.

एका पावसाळ्यात विहिरीचं पाणी वासाला लागलं. भरलेला हंडा ओतून टाकत आई म्हणाली, "उकिरडा विहिरीत उतरला रे, बाबा."

तेव्हा पहिल्यांदा त्या वासाचा हिशेब मांडला. नाकाला झोंबतो तो अमोनिया, म्हणजे शेणामुतातलं नत्र हवेत चाललेलं. तेच नत्र आपण युरियाच्या गोणीतून विकत आणतो. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ढिगाचा श्वास कोंडलाय. अशा कोंडलेल्या शेणातून मिथेनही सुटतो. त्याला वास नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. विहिरीत झिरपणाऱ्या नायट्रेटलाही वास नसतो. नाक निम्मंच सांगतं.

उपाय विदर्भातच होता. पुसदच्या नारायणराव पांढरीपांड्यांच्या नावावरून जी ‘नाडेप’ पद्धत ओळखली जाते, तिच्या टाक्याच्या भिंतीत मुद्दाम भोकं ठेवतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकं. शेण 100 किलोच्या आसपास, बाकी काडीकचरा आणि माती. शेण तिथं विरजणापुरतं. त्या भोकांनी मला एवढंच शिकवलं: खताला खड्डा नको, हवा हवी.

आता मी विहिरीच्या खालच्या अंगाला, उंचवट्यावर, पत्र्याखाली ढीग लावतो. शेणाचा थर, वर तुराट्या-पऱ्हाट्यांचे तुकडे, कुटार, पाला. ओल मुठीनं बघायची: दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी निथळता कामा नये. चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई आत खुपसून ठेवतो. काढताना चटका बसला की ढीग पेटला समजायचं. 60 अंशांच्या आसपासची ती धग काही दिवस टिकली, की तणाचं बी मरतं. मग मधलं बाहेर, बाहेरचं मधे अशी पलटी. कमरेचा काटा ढिला होतो, पण एक पाळी चुकवली की वास चुगली करतो.

पिकलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. हा योगायोग नाही. दोन्हीकडे तो दरवळ ॲक्टिनोमायसीट जिवाणूंचाच. आमच्या मुरमाड पट्ट्यात पाणी टिकत नसे. तिथंही हे खत पडल्यापासून पाऊस उघडल्यावर ओल चार दिवस जास्त राहते.

आई त्यातलं ओंजळभर तुळशीला नेते. ढीग चार महिन्यांत सुधारला. विहिरीला मात्र दोन पावसाळे लागले.