कोरडा बोअर

"लेख दे, लेख दे" म्हणून आमच्या मराठी विभागाच्या संपादकबाई तीन आठवडे माझ्या मागे लागल्या होत्या. मी पडले कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर'मध्ये माझा अजून गोंधळ होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, ही आधीच विनंती!

तर झालं असं, की टी.ई.च्या सेमिनारला मी 'एक्सप्लोरेटरी ड्रिलिंग' हा विषय घेतला. कारण अगदी साधं. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानजवळ ऑइल इंडियाच्या 'श्री विजयपुरम-२' या विहिरीत नैसर्गिक वायू लागला. २९५ मीटर पाणी, २,६५० मीटरची विहीर, वायूत ८७ टक्के मिथेन. म्हटलं, फोटो झकास मिळतील, स्लाइड्स पटकन होतील. (एका विहिरीत वायू लागला म्हणजे धंद्यापुरता साठा आहे असं नाही, ते ठरवायला आणखी विहिरी लागतात, हे मला नंतर कळलं.)

मग भारतातल्या गाळाच्या २६ खोऱ्यांची यादी उघडली आणि थबकलेच. यादीत 'डेक्कन सिनेक्लाइज'! म्हणजे आपलं दख्खन? इथे तर खाली सगळा काळा पाषाण, असं आपण शाळेपासून घोकलेलं. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो कशावर तरी पसरला ना? त्याच्याखाली जुना गाळ दबला असेल, तर त्यात तेल-वायूही असू शकेल.

अडचण अशी, की तो वरून दिसत नाही. लाव्हाचे थरावर थर असल्यामुळे सिस्मिकच्या लहरी विखुरतात. शिवाय लहरी बेसाल्टमधून वेगाने जातात आणि खालच्या गाळातून हळू, त्यामुळे काही पद्धतींत तो थर चक्क लपून राहतो. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात खाली गाळ असावा असं सर्वेक्षणांनी सुचवलंय. पण खात्री करायची तर भोकच पाडायला हवं. फक्त माहितीसाठी पाडलेल्या अशा विहिरीला 'पॅरामेट्रिक वेल' म्हणतात.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचा बोअर घेतला होता. ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळ, की लगेच पायाचा खडक. कोयनेला १,५२२ मीटरच्या बोअरमध्ये तर ९३३ मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, गाळाचा पत्ताच नाही. दोन्ही बोअर भूकंपाच्या अभ्यासाचे. पण निघालेला दगड मीटरवार नोंदलेला, त्यामुळे तेल शोधणाऱ्यालाही तो वाचता येतो.

हे सगळं डोक्यात घेऊन दिवाळीत पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. तिथे वेगळाच विषय चाललेला. डाळिंबाची बाग वाळलीय, तीन बोअर फेल गेलेत, तिसऱ्याचं सोसायटीचं कर्ज अजून डोक्यावर, आणि आजोबांना चौथा मारायचाय. पाणाड्याने तळहातावर नारळ फिरवून जागाही दाखवली होती. तिथे दगड ठेवलेला. बाबा गप्प.

मी लगेच ज्ञान पाजळलं. "आजोबा, किती फुटांवर काय लागलं ते कुणी लिहून ठेवलं का? नाही ना? मग पैसे वायाच गेले!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "लिव्हलं न्हाई पोरी, पन इसरलोबी न्हाई."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिला बोअर २२० फूट. बाराला मुरूम संपला, १४० ला तांबडी माती आली, हाताला ओलसर. दुसरा ३५० फूट, तांबडी माती १६५ ला, पण कोरडी. तिसरा ४१० फूट, तांबडी माती १९० ला, नुसता धुरळा. माझी सेमिनारची वही मी तशीच उलटी करून लिहीत सुटले. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

मी मोठ्या ऐटीत आकृती काढली. "बघा, थर खाली उतरत चाललाय!"

"अगं, थर कुठला उतरतोय," बाबा इतक्या वेळाने बोलले, "जमीन चढत गेलीय. पहिला ओढ्यापाशी, तिसरा टेकाडाच्या पोटात."

झालं! टी.ई.च्या मुलीची विकेट! म्हणजे थर जवळजवळ सपाट, ओल फक्त ओढ्याच्या बाजूला, आणि आम्ही दर वेळी त्याच्यापासून आणखी वर सरकलो. चौथ्या बोअरचा दगड तर सगळ्यात वर होता.

आजोबा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी नारळानं आमाला डोंगर चढवला म्हन की."

ओढ्याकाठीही पाणी लागेलच असं नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते फक्त "हूं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाबांनी बोअरच्या गाडीवाल्याला फोन करून तूर्त येऊ नको म्हणून सांगितलं. दगड अजून तिथेच आहे. आजोबांनी तो हलवू दिला नाही. वही मात्र त्यांनी मागून घेतली आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली, त्यामुळे सेमिनारच्या नोट्स मला पुन्हा काढाव्या लागल्या.